भट्टी थंड होईस्तोवर

अक्का, भट्टीचं बटण मी आत्ताच बंद केलं. काटा अजून चारशेच्या आसपास आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही. तू असतीस तर स्टूल घेऊन दाराशीच बसली असतीस, माझ्यावर लक्ष ठेवायला. गरम भट्टीचं दार उघडून आत डोकावायची माझी खोड तुझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे? आज तू नाहीस, तर मीच माझ्यावर पहारा ठेवलाय. हात रिकामे राहिले की दाराकडे जातात, म्हणून लिहायला घेतलंय.

परवा मराठी मंडळाचे लोक आले होते. वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणाले. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं त्यांनी भावजींकडून लिहून घेतलंय. मला म्हणाले, तुम्ही त्यांच्या सहकारी, काही आठवणी लिहा. मला हसूच आलं. आपण सहकार कधी केला ग? आपण भांडलो. एका पिवळ्या पावडरीवरून या खोलीत आपण इतकी वर्षं भांडलो की शेजारच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना मराठी यायला लागलं. आणि तू अशी, की वाद अर्धा टाकून निघून गेलीस.

ती पावडर तू गेल्यापासून बनत नाहीये, अक्का. तेच सांगायला बसलेय. क्लोराइडची तीच बाटली, तोच अमोनिया, हीच भट्टी, आणि दर खेपेला बाहेर येतं ते पांढरंफटक, नाहीतर मळकट तपकिरी. तुझ्या हातची शेवटची बाटली संपली आणि पाडवा तोंडावर आलाय. तू पाडव्याला युगादी म्हणायचीस. त्या युगादीचा तू आनेकलच्या रेशीम रंगवणाऱ्या मुनियप्पाला शब्द देऊन बसली आहेस, हे तू विसरली असशील, मी नाही.

मी निपाणीहून इथं आले तेव्हा या शहरात मला कुणीच ओळखत नव्हतं. कन्नड बोलता येत होतं, पण आमचं कन्नड इथल्या लोकांना गावंढळ वाटायचं आणि माझं मराठी तर कुणाच्या कानावरही पडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चांगला बीकर फुटला आणि मी स्वतःशीच आमच्या भाषेत एक अस्सल शिवी हासडली. मागून आवाज आला, "अय्यो, असं बोलायचं नसतं ग पोरी. स्वल्प बाजूला हो, पायात काच जाईल." मी वळून बघते तर नऊवारीतली नव्हे, साध्या म्हैसूर सिल्कमधली, कानात हिऱ्याच्या कुड्या, केसात मोगऱ्याचा गजरा, अशी तू केरसुणी घेऊन उभी. तुझे पूर्वज कुठल्या तरी राजाच्या पदरी लेखनिक म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. तुझ्या मराठीला कन्नडचा असा काही खमंग वास होता, की मला वाटलं ही बाई मला चिडवतेय. चिडवत नव्हतीस. तुझं मराठी तसंच होतं. त्या दिवशी तू मला बसवनगुडीला घरी जेवायला नेलंस आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. जेवताना तू माझं गाव विचारलंस आणि दुसऱ्या दिवसापासून मला नावानं हाक मारणंच सोडून दिलंस. मी तुझी "निपाणी" झाले. तिखट तंबाखू म्हणायचीस.

ज्यांना आपलं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर मंडळातले लोक म्हणतील दोन बायका कसल्या पावडरीवरून भांडत होत्या. टायटेनियम डायऑक्साइड हा तसा गरीब पदार्थ. भिंतीच्या रंगात असतो, तोंडाला लावायच्या पावडरीत असतो. पण त्याचे कण अगदी बारीक केले, मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावे इतके बारीक, आणि ते घाण पाण्यात टाकून उन्हात ठेवले, की प्रकाशाच्या जोरावर ते पाण्यातला रंग, वास, विष मोडून टाकतात. स्वतः मात्र तसेच्या तसे राहतात. अडचण एवढीच की पांढऱ्या पावडरीला उन्हातला फक्त अतिनील प्रकाश चालतो आणि उन्हात तो असतो चिमूटभर. डोळ्यांना दिसणारं बाकीचं सगळं ऊन ती परतवून लावते. जी पावडर ते दिसणारं ऊन खाईल तिला थोडा तरी रंग हवा. आणि सगळी दुनिया तर टायटेनिया पांढराशुभ्र करायच्या मागे हात धुऊन लागलेली.

तुझी पहिली पिवळी पावडर निघाली ती चुकून. पाणी एक दिवसाआड यायचं ते दिवस. क्लोराइडमध्ये अमोनिया घालून गोळा जमला होता दह्यासारखा आणि तू तो तांदूळ धुवावेत तसा वरवर धुतलास, वाळवलास आणि भट्टीत घातलास. निघाली ती फिकट पिवळी, हरभऱ्याच्या डाळीच्या पिठासारखी. सरांनी चिमटीत धरून उजेडात बघितली आणि म्हणाले, पिवळं म्हणजे कचरा, टाकून द्या. तू मान डोलावलीस आणि सर गेल्यावर ती बाटलीत भरून कपाटात मागे ठेवलीस. तुझं हेच. वरिष्ठांपुढे गाय आणि पाठीमागे स्वतःचंच खरं.

मग गच्चीवरचे ते दिवस. रंगारी लोक वापरतात तो गुलाबी रंग पाण्यात विरघळवून दोन पसरट भांड्यांत ओतायचा, एकात पांढरी पावडर, एकात पिवळी. वर काचेच्या ट्रेमध्ये सोडियम नायट्राइटचं पाणी, म्हणजे अतिनील प्रकाश तिथंच अडावा आणि खाली फक्त दिसणारं ऊन उतरावं. पांढऱ्या पावडरीच्या भांड्यातला गुलाबी गुलाबीच राहिला. पिवळीच्या भांड्यातला दुपारपर्यंत उडत उडत पाण्यासारखा झाला. तू गच्चीवर नाचली नाहीस एवढंच. मी म्हटलं, यात काही सिद्ध होत नाही, रंग स्वतःच ऊन पकडतो आणि स्वतःच मोडतो, श्रेय पावडरीला कशाला? तुझा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण बोलायचं ते मी बोलतेच. दुसऱ्या दिवशी तू सकाळी सकाळी फिनॉलची बाटली घेऊन हजर. म्हणालीस, याला रंगच नाही, आता बोल. फिनॉलही कमी झालं. मी भांडी विसळायला घेतली आणि तू म्हणालीस, "सरी म्हण बघू."

सरी म्हणजे बरोबर, ठीक, मान्य. प्रत्येक वादाच्या शेवटी तुला माझ्याकडून हा एक शब्द हवा असायचा. आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघू." आमच्या घराण्यात हार मानायची पद्धत नाही, हे मी तुला कितीदा सांगितलं होतं.

पण पिवळा रंग येतो कुठून? इथं खरा वाद पेटला. मी आधी म्हटलं, बोअरच्या पाण्यातलं लोखंड असेल. तू ऊर्ध्वपातित पाण्यानं धुतलंस, तरी पिवळीच. मग मी म्हटलं, तू नीट धूत नाहीस म्हणून त्यात नवसागर राहतो. क्लोराइड आणि अमोनिया एकत्र आले की नवसागरच बनणार. तापवताना त्या अमोनियातला नायट्रोजन कणांच्या आत शिरतो आणि रंग देतो. तू म्हणालीस, नाही, सगळा खेळ तापवण्याचा आहे. तू भट्टी हळूहळू चढवतेस, हळूहळू उतरवतेस, म्हणून कण सावकाश घडतात आणि त्यांच्यात काही जागा रिकाम्या राहतात, त्या रिकाम्या जागा रंग देतात. नवसागराचा वास भट्टीतून येतो हे तुलाही कबूल होतं. तुझ्या वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, तिथे कल्हईच्या दिवशी हाच पांढरा धूर निघायचा, आणि भट्टी तापली की तू डोळे मिटून म्हणायचीस, अप्पांचं दुकान उघडलं. पण वास म्हणजे पुरावा नव्हे, असंही वर म्हणायचीस.

तापमानाचं तर विचारूच नको. आपण काय कमी पावडरी जाळल्या? पाचशेच्या वर नेलं की पिवळा उडून पांढरा. आणखी वर नेलं की कण एकमेकांना चिकटून मोठे. क्ष-किरणांच्या कागदावर बसक्या, पसरट टेकड्यांऐवजी उंच अणकुचीदार सुळके दिसायला लागले की तू कपाळाला हात लावायचीस. टेकडी जितकी पसरट तितका कण बारीक, हे तूच मला शिकवलंस. तीनशेला थांबलं तर कण नीट घडतच नाहीत आणि पावडर चहात घातलेल्या दुधासारखी मळकट. सूत्र कागदावर एकच, आणि जन्माला घालताना जरा हात इकडचा तिकडे झाला की स्वभाव वेगळा. तू म्हणायचीस, माणसांचं तरी काय वेगळं आहे निपाणी, तुला थोडं कमी आचेवर ठेवलं असतं तर तू कदाचित गोड निघाली असतीस.

एकदा तू मला आनेकलला घेऊन गेलीस. बसमध्ये उभ्यानं, तुझ्या पिशवीत पिवळीची बाटली, फडक्यात गुंडाळलेली. मुनियप्पाची रंगाची शेड, बाहेर ओहोळ, रेशमाला ज्या दिवशी जो रंग द्यायचे त्या रंगाचा. आपण गेलो त्या दिवशी तो लाल होता. मुनियप्पानं सांगितलं, खालच्या शेतातले लोक भांडायला येतात, त्यांच्या म्हशी पाणी पीत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. तू त्याला कन्नडमध्ये सगळं समजावलंस, पावडर, ऊन, पाणी. तो ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, कधी? तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, येत्या युगादीला एक टब भरून करून दाखवते. परतीच्या बसमध्ये मी तुला फैलावर घेतलं. एवढी पावडर आपण एका वेळी कधी केलीच नव्हती. म्हटलं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, तो 'कधी' विचारत होता ग, आणि मी काय सांगणार होते, 'बघू'?

त्यानंतर तू आजारी पडलीस. दवाखान्यातलं मी लिहिणार नाही, ते भावजींचं आणि तुझं आहे. फक्त एक दुपार लिहिते. तू उशीला टेकून बसली होतीस, नाकात नळी, आणि मला जवळ बोलावून विचारलंस, "पिवळी आली का ग?" मी सांगितलं की आली नाही, पांढरीच आली, तुझ्याच पद्धतीनं करूनसुद्धा. मग म्हणालीस, "स्वल्प घाई केली असशील." मी म्हटलं, घाई अजिबात केली नाही, नवसागर उडून जातोय, माझंच खरं आहे, बरी होऊन ये मग भांडू. तू हसलीस आणि डोळे मिटलेस. मी निघाले तेव्हा तू झोपलेली होतीस. निदान "येते ग" म्हणायला हवं होतं, पण तुझी झोप मोडवली नाही.

तू गेल्यावर मुनियप्पा आला होता. फाटकाशीच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. हातात एक लहानसं रेशमाचं गुंडाळं होतं, गुलाबी, तुझ्यासाठी रंगवलेलं. ते त्यानं माझ्याकडे दिलं आणि तुझं घर कुठं विचारलं. पावडरीचं त्यानं नावही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती आणि मोकळी झाले असते. तो न विचारता गेला आणि तो शब्द माझ्याकडे राहिला.

तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. कमी धुवून बघितलं, तर मळकट. जास्त धुवून हळू तापवलं, तर पांढरं. तुझ्यासारखं वरवर धुवून तुझ्यासारखं हळू तापवलं, तरी जेमतेम पिवळट छटा, सरांना दाखवली तर म्हणतील चष्मा पूस. क्लोराइड गार ठेवायचा बर्फसुद्धा तुझ्याच त्या कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून आणला, न जाणो. सर चांगले वागतात आजकाल. म्हणाले, काही पावडरी माणसाबरोबर जातात. मला त्यांचा असा राग आला. पण रात्री खोलीवर गेल्यावर मलाही तेच वाटायला लागलं, की तुझ्या हातात काहीतरी होतं आणि ते तुझ्याबरोबर गेलं. तुझ्या टेबलाशी बसायचं धाडस होत नव्हतं. तुझी खुर्ची जरा मागे सरकवलेलीच होती, जशी तू उठून गेली होतीस.

गेल्या रविवारी मी बसवनगुडीला गेले. मुनियप्पाचं रेशीम भावजींना द्यायचं होतं आणि तुझ्या घरी गेल्यावाचून राहवतही नव्हतं. भावजी बरे आहेत, म्हणजे आहेत. तब्येत उतरलीय. त्यांनी मला बसवलं आणि स्वतः आत जाऊन कॉफी करून आणली. लोट्यावर दबरा उपडा ठेवलेला. आमच्याकडे वाटी म्हणतात ती, इथे दबरा. मी बघत राहिले तर ते ओशाळून म्हणाले, "तिची सवय. काही उघडं दिलं की रागवायची. आता ती नाही, तरी उघडं आणायला हात होत नाही."

मला तुझी सगळी झाकणं आठवली, अक्का. पाण्याच्या जगवर बशी, चहाच्या कपावर कागद, डब्यावर डबा. छताचा चुना पडतो, पाल पडते, उघडं अन्न दृष्टीला लागतं, कारण रोज नवीन. मी तुला झाकणअक्का म्हणून किती चिडवायचे. एकदा तू भावजींच्या तोंडावरही फडकं टाकशील म्हटलं, तर ते स्वतःच हसत सुटले होते. आणि भट्टीतसुद्धा तू मुशीवर ती टवका उडालेली चिनी मातीची बशी ठेवायचीस. मी ती हजारदा बघितली होती. चेष्टेचा विषय होता तो, प्रयोगाचा नव्हे. आपण तापमान लिहिलं, वेळ लिहिली, किती पाणी, किती अमोनिया, सगळं लिहिलं. बशी ठेवली हे कोण लिहितं? पुस्तकात लिहिलंय, हवेत तापवा, आणि मी शहाणी पुस्तकाप्रमाणे उघडी मूस ठेवत होते.

भावजींनी दबरा उचलला. आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमले होते आणि ते परत कॉफीत पडले. मी ते बघितलं आणि लोट्यावर तशीच वाकून राहिले. भावजींना वाटलं मी रडतेय. रडतही होते. ती कॉफी मात्र मी पूर्ण प्यायले. टाकली असती तर तू बोलली असतीस.

तिथून थेट इथं आले. तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात बशी होती. पालथी केली. आतून तिला पांढरा खरबरीत थर होता, गोलाकार. बोटानं खरवडून थोडा चमच्यावर घेतला आणि दिव्यावर धरला. पांढरा धूर निघाला आणि अप्पांचं दुकान उघडलं. नवसागरच, अक्का. झाकणाखाली तो उडायचा, बशीला अडायचा, पुन्हा खाली यायचा, आणि भट्टी सावकाश चढत असेपर्यंत त्याच वाफेत ती पावडर शिजत राहायची. उघड्या मुशीतून तो पहिल्या फेरीतच निघून जातो. म्हणून माझी पांढरी.

म्हणजे बघ, नवसागर माझा, सावकाश चढवणं तुझं. आणि झाकण कुणाचंच नव्हतं, ते तुझ्या आईचं होतं, किंवा तुझ्या सासूचं, किंवा छतावरच्या पालीचं. ही गोष्ट तुला सांगायला मी दारापर्यंत आलेसुद्धा. मग आठवलं. असं दिवसातून कितीदा होतं म्हणून सांगू. कुठे काही बरं दिसलं, चांगला प्रश्न सुचला, चांगली शिवी सुचली, की मी वळते. तुझ्या खुर्चीपर्यंत वळणं होतं आणि तिथं थांबतं. मला तू हवी आहेस, अक्का. पावडर नंतर. आधी तू हवी आहेस, गजरा माळून, स्टूल ओढून, "स्वल्प थांब" म्हणत.

काल मी मोठ्या परातीएवढा गोळा केला, वरवर धुतला आणि आज पहाटे वाळलेला भरडून मोठ्या मुशीत घातला, वर तुझी बशी ठेवली. भट्टीच्या दाराला तू दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून आहे. आयुधपूजेच्या दिवशी तू सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलंस, सरांच्या त्या परदेशी वजनकाट्यालासुद्धा, आणि ते चिडायच्या आत त्यांच्या हातात लिंबू दिलंस. त्या दिवशी कुठलंही यंत्र चालवायचं नाही म्हणून तू माझं काम अडवलंस आणि मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. तेव्हाची ती संध्याकाळ मला परत हवी. मी बोलले असते.

ऊन गच्चीवरून उतरायला लागलंय. खाली फुललेल्या झाडाखाली कॉलेजची पोरं उभी आहेत, सगळ्यांना कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांत जायचंय. आपल्यासारख्या बायका आता या कामात येणार नाहीत, सरही म्हणत होते. काटा खाली आलाय. हात लावून बघितलं, दार कोमट आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस अजून स्वल्प. म्हणून मी आणखी थोडी थांबले. खरंच थांबले, बघ. चहा केला, प्यायले, कप विसळला. मग दार उघडलं.

बशी थंड झाली होती. उचलताना तिच्या टवक्यावर माझं बोट बरोबर बसलं, तुझं बसायचं तिथंच.

खाली सगळी मूसभर पिवळी होती, अक्का. फिकट, एकसारखी, डाळीच्या पिठासारखी. कडेलाही पांढरी नाही. मी खिडकीशी नेऊन बघितली, उलटसुलट केली, तोंड लाल होईपर्यंत रडले आणि पुन्हा बघितली. अजूनही पिवळी आहे. उद्या नायट्राइटचं पाणी भरून गच्चीवर फिनॉल लावते. खात्री पटली की पाडव्याला बाटली फडक्यात गुंडाळून आनेकलची बस धरते. मुनियप्पाला सांगेन, अक्कानं पाठवलीय.

वाद मी जिंकले, हे तुलाही मान्य करावं लागेल. नवसागरच होता. बसलेली असतीस तर तू तोंड वाकडं करून म्हणाली असतीस, झाकण कुणाचं? आणि मग नेहमीसारखं ते एक वाक्य, जे ऐकून मी इतकी वर्षं तोंड फिरवलं. आज खोलीत कुणी नाही. बशी मी मुशीवर परत ठेवली, तुझ्या खुर्चीकडे वळले, आणि मोठ्यानं म्हटलं.

सरी, अक्का. सरी.